इंग्रजीतला ‘च’ कुठे असतो?

१९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर, कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात काही भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायच्या कामाला नव्यानं लागल्या. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. सामानाची चढउतार करणारे कामगार म्हणत, या बायका उर्मट आहेत. बायकांच्या वरिष्ठांचंही तेच मत. बायकांना वाटे, आपण परक्या म्हणून आपल्याशी असं वागतात. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये बोलणं असं फारसं होतच नव्हतं. कुणी मांसाचा पदार्थ घेतला की त्यावर रस्सा हवा का, एवढंच विचारायचं. इंग्रज वाढपीण विचारायची ‘ग्रेव्ही?’ आणि शेवटी तिचा सूर वर जायचा. नव्या बायकाही तोच एक शब्द उच्चारायच्या, ‘ग्रेव्ही’. फक्त त्यांचा सूर खाली उतरायचा.

खाली उतरलेला ‘ग्रेव्ही’ इंग्रज कानांना कसा लागला असेल? ‘रस्सा वाढू का?’ असा नाही. ‘हा रस्सा. घ्यायचा तर घ्या,’ असा.

हा गुंता सोडवला जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञानं. त्यांनी हे बोलणं ध्वनिमुद्रित करून दोन्ही बाजूंना ऐकवलं. बायकांना आधी दोन्ही उच्चारांत फरकच वाटेना. चर्चा झाली तेव्हा उलगडलं, की खाली उतरणारा सूर ही त्यांची विचारण्याची साधी, सभ्य रीत होती. १९८२ साली आलेल्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या पुस्तकात गम्पर्झ यांनी हा प्रसंग नोंदवला आणि भाषा शिकवणाऱ्यांमध्ये तो प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांसाठी आणखी एक धागा असा, की हेच गम्पर्झ त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींत कशा मिसळल्या याचा अभ्यास करून गेले होते.

इंग्रजी बोलणाऱ्या मराठी माणसाचं व्याकरण बहुतेक वेळा ठीक असतं, शब्दसंग्रहही कमी नसतो. तरी समोरचा ‘पार्डन?’ म्हणतो, किंवा न रागावता बोललेलं रागावून बोलल्यासारखं पोचतं. अशा वेळी दोष सहसा शब्दांत नसतो, शब्दांवरच्या जोरात आणि वाक्याच्या चालीत असतो. इंग्रजीत याला स्ट्रेस आणि इंटोनेशन म्हणतात. मराठीत आघात आणि सूर. बोलीभाषेत सुराला आणखी एक चांगला शब्द आहे, हेल. मालवणी हेल वेगळा, वऱ्हाडी वेगळा, कोल्हापुरी वेगळा. तेव्हा हेल म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. शिकायचं एवढंच, की मराठीत जी कामं ‘च’, ‘ना’, ‘तसं’, ‘की’ आणि ‘करणं’ असे छोटे शब्द करतात, त्यांतली बरीचशी इंग्रजी आवाजाकडून करून घेते.

सायकलचं कॅरिअर

सुरुवात एकट्या शब्दापासून. इंग्रजीत एकापेक्षा जास्त सिलॅबल (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) असलेल्या शब्दात एक सिलॅबल बाकीच्यांपेक्षा ठसठशीत असतं. ते थोडं लांबतं, थोडं मोठ्यानं येतं आणि तिथे सूर हलतो. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात त्या सिलॅबलच्या आधी, वरच्या बाजूला, ˈ अशी छोटी उभी रेघ असते. या लेखातही तीच खूण वापरली आहे. रेघ खालच्या बाजूला असेल तर तो दुय्यम आघात. सुरुवातीला तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

आता नोकरीच्या मुलाखतीतला नेहमीचा शब्द घेऊ. आपण मराठीत ‘करिअर’ म्हणतो आणि पुष्कळदा पहिल्याच अक्षरावर वजन टाकतो. इंग्रजीत या शब्दाचा आघात दुसऱ्या भागावर आहे: कˈरिअर. आघात पहिल्यावर नेला की ˈकॅरिअर ऐकू येतं, म्हणजे वाहून नेणारा किंवा सायकलच्या मागचं ते कॅरिअर. ‘माझ्या कॅरिअरबद्दल मी गंभीर आहे,’ असं उमेदवार सांगतो आणि ऐकणारा क्षणभर अडखळतो. अडखळण्याचा हा क्षणच महाग पडतो, कारण तेवढ्यात पुढचे चार शब्द निसटलेले असतात.

हैदराबादच्या तेव्हाच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत समजतं याचा अभ्यास केला. १९६९ मध्ये तो पुस्तकरूपानं आला. न समजण्याच्या मोठ्या कारणांमध्ये त्यांना शब्दावरचा चुकलेला आघात आढळला. ‘व’ आणि ‘व्ह’मधला फरक घोटून घेण्यात आपल्या शाळा जेवढा वेळ घालवतात, त्यातला थोडा आघाताला दिला तर फायदा जास्त होईल.

मराठीत आघात हलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आघात लक्षात ठेवण्याची सवयच आपल्याला नसते. इंग्रजीत मात्र नुसत्या आघातानं नामाचं क्रियापद होतं. ˈरेकॉर्ड म्हणजे नोंद किंवा तबकडी, रिˈकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड करणं. ˈपर्मिट म्हणजे परवाना, पर्ˈमिट म्हणजे परवानगी देणं. ˈप्रेझन्ट म्हणजे भेटवस्तू, प्रिˈझेन्ट म्हणजे सादर करणं. ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘इन्क्रीज’ यांचीही हीच तऱ्हा: नाम असेल तर आघात पुढे, क्रियापद असेल तर मागे. मराठीत ‘रेकॉर्ड’ला ‘करणं’ जोडून जे साधतं ते इंग्रजीत आघात सरकवून साधतं. सगळ्या जोड्या या नियमात बसत नाहीत. ‘रिपोर्ट’ आणि ‘सपोर्ट’ नाम असोत की क्रियापद, आघात दुसऱ्याच भागावर राहतो.

लांब शब्दांसाठी शेपटाकडे पाहावं. शब्दाच्या शेवटी ‘शन’, ‘इक’, ‘इटी’, ‘लजी’, ‘ग्रफी’ यांपैकी काही असेल, तर आघात शेपटाच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर पडतो: एज्युˈकेशन, ईकˈनॉमिक, अˈबिलिटी, बायˈऑलजी, जिˈऑग्रफी. म्हणूनच इˈकॉनमी म्हणताना ‘कॉ’वर असलेला आघात ईकˈनॉमिक म्हणताना ‘नॉ’वर उडी मारतो. उलट एन्जिˈनिअर, एम्प्लॉइˈई, जॅपˈनीझ या शब्दांत आघात शेपटावरच असतो. अपवाद अर्थातच आहेत. ‘पॉलिटिक्स’मध्ये शेवटी ‘इक’ असूनही आघात पहिल्या भागावर. पण पाच शेपटं लक्षात ठेवली की हजारो शब्द हाताशी येतात.

मात्रा झडतात तेव्हा

आघाताची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ज्या सिलॅबलवर आघात नाही त्याचं काय होतं? ते विझतं. त्यातला स्वर आपला रंग सोडून एका पुसट, आखूड ‘अ’कडे झुकतो. भाषाशास्त्रात त्याला श्वा म्हणतात आणि इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा येणारा स्वर तोच आहे.

इथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. हा ‘अ’ आपल्या व्यंजनांत मुळातच भरलेला असतो, त्यासाठी मात्रा लागत नाही. म्हणून इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना एक सोपी युक्ती करता येते. आघाताच्या अक्षराची मात्रा ठेवायची आणि बाकीच्या बऱ्याचशा मात्रा झडू द्यायच्या. ˈफोटग्राफ, फˈटॉग्रफी, फोटˈग्रॅफिक हे तीन शब्द शेजारी ठेवून मोठ्यानं वाचावेत. एकाच धातूतले तीन शब्द, पण ‘टो’चं कधी ‘ट’ होतं, कधी ‘टॉ’. स्पेलिंगमध्ये मात्र तिन्हीकडे तेच अक्षर.

आपण इंग्रजी आधी डोळ्यांनी शिकलो, म्हणून आपले उच्चार स्पेलिंगला धरून राहतात. ‘सर्टिफिकेट’मधला ‘केट’ आपण पुरा उच्चारतो. इंग्रजीत ते सˈटिफिकट असतं. ‘कंफर्टेबल’ तिथे ˈकम्फ्टबल होतं, ‘व्हेजिटेबल’ ˈव्हेज्टबल होतं, ‘डेव्हलपमेंट’ डिˈव्हेलप्मन्ट. ‘चॉकलेट’मधला ‘लेट’ही उरत नाही, ˈचॉक्लट एवढंच. हे शब्द मराठीत बोलताना मराठी उच्चारानंच बोलावेत, त्यात कमीपणा काही नाही. इंग्रजीत बोलताना मात्र मात्रा झडू द्याव्यात.

आकड्यांपाशी विशेष जपावं. थर्ˈटीनमध्ये आघात मागे, ˈथर्टीमध्ये पुढे. आपण दोन्हींना पुढे आघात देतो आणि फोनवर तेराचे तीस होतात. त्यात इंग्रजीची स्वतःचीही एक खोड आहे: पाठोपाठ आघाताचा शब्द आला की ‘थर्टीन’चा आघात पुढे सरकतो, ‘ˈथर्टीन ˈस्टुडन्ट्स’ असा. तेव्हा रक्कम, वेळ किंवा तारीख सांगताना ‘टीन’ लांबवावं, शेवटचा ‘न’ ऐकू जाऊ द्यावा आणि पाठोपाठ ‘वन, थ्री’ असे सुटे अंकही सांगून टाकावेत. इंग्रज माणूसही फोनवर हेच करतो.

तीन टाळ्या

आता शब्दाकडून वाक्याकडे. पुढची तीन वाक्यं टाळ्या वाजवत म्हणून पाहावीत. टाळी फक्त खुणेच्या जागी पडली पाहिजे.

ˈगर्ल्स ˈबॉट ˈरोझिझ.
द ˈगर्ल्स हव् ˈबॉट द ˈरोझिझ.
द ˈगर्ल्स कुड् अव् बिन ˈबाइंग द ˈरोझिझ.

पहिल्या वाक्यात चार सिलॅबल आहेत, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात दहा. टाळ्या मात्र तिन्हींत तीनच. इंग्रजी कानाला दहा सिलॅबलांचं वाक्य चार सिलॅबलांच्या वाक्याच्या अडीचपट लांब वाटत नाही, कारण टाळ्यांच्या मधले बारके शब्द दाटीवाटीनं बसवले जातात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ साली या फरकाला नाव दिलं. इंग्रजीसारख्या भाषा आघाताच्या तालावर चालतात, काही भाषा सिलॅबलच्या तालावर. पुढे यंत्रांनी मोजमाप झालं तेव्हा टाळ्यांमधलं अंतर अगदी सारखं नसतं हे दिसलं. पण बारके शब्द दाबले जातात, हे निरीक्षण टिकून राहिलं.

मराठीचा कल दुसरीकडे आहे. आपला अभंग अक्षरं मोजतो. बोलतानाही आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. त्याच न्यायानं इंग्रजी बोलताना ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’, ‘अँड’, ‘वॉज’ यांना आपण पुरं माप देतो. इंग्रजी माणसाच्या तोंडी ते ‘अव्’, ‘ट’, ‘फ’, ‘अन्’, ‘वझ’ एवढेच उरतात. हे शब्द आपण ऐकताना शोधत राहतो आणि ते सापडत नाहीत. इंग्रजी सिनेमा उपशीर्षकांशिवाय समजत नाही, त्यामागे वेग हे एक कारण झालं. हे विझलेले शब्द हे दुसरं.

यातला एक शब्द तर थेट घोटाळा करतो. समजा, पुण्यातला एक अभियंता अमेरिकेतल्या ग्राहकाला फोनवर सांगतो, ‘आय ˈकॅन सेंड इट टुडे.’ ठामपणा दाखवायला त्यानं ‘कॅन’वर जोर दिला. अमेरिकी बोलण्यात होकाराचा ‘कॅन’ विझून ‘कन्’ होतो आणि नकाराच्या ‘कान्ट’चा उच्चार ‘कॅन्ट’ असतो. तो ठसठशीत येतो आणि त्याचा शेवटचा ‘ट’ बहुधा गिळला जातो. म्हणजे जोरदार ‘कॅन’ ऐकला की ग्राहकाला नकार ऐकू येऊ शकतो. उपाय सोपा आहे. होकार देताना जोर पुढच्या क्रियापदावर टाकावा: ‘आय कन् ˈसेंड इट.’ नकार देताना ‘कॅनॉट’ असं पुरं म्हणावं.

‘च’ची जागा

मराठी लेखक आणि बोलणारा ‘च’वर फार विसंबतो, आणि योग्यच करतो. ‘रवीनंच स्कूटर घेतली’, ‘रवीनं स्कूटरच घेतली’, ‘रवीनं स्कूटर घेतलीच’. एक अक्षर इकडून तिकडे फिरवलं की अर्थ फिरतो. इंग्रजीत असं फिरवता येणारं अक्षर नाही आणि शब्दांचा क्रमही सहसा हलत नाही. मग ‘च’ ठेवायचा कुठे? आवाजात.

‘रवी बॉट अ ब्लू स्कूटर’ हे वाक्य घ्यावं. ‘ˈरवी’वर जोर दिला तर रवीनंच घेतली, भावानं नाही. ‘ˈबॉट’वर दिला तर विकतच घेतली, भाड्यानं नाही. ‘ˈब्लू’वर दिला तर निळीच, लाल नाही. कुठलाच खास ‘च’ नसेल तेव्हा मुख्य जोर शेवटच्या अर्थवाही शब्दावर पडतो, म्हणजे ‘ˈस्कूटर’वर. साध्या वाक्यात जोर शेवटी, आणि काही ठासायचं असेल तर तो उचलून हव्या त्या शब्दावर. नियम इतकाच आहे.

याचाच दुसरा भाग असा, की आधी बोलून झालेल्या गोष्टीवर पुन्हा जोर द्यायचा नाही. समजा कुणी विचारलं, ‘इज द मीटिंग ऑन ट्यूजडे?’ बरोबर उत्तर आहे, ‘नो, द मीटिंग इज ऑन ˈथर्सडे.’ यात ‘मीटिंग’ जुनी, वार नवा. म्हणून ‘मीटिंग’ सपाट आणि ‘थर्सडे’ ठळक. आपण सवयीनं दोन्हींवर सारखा जोर देतो. मग ऐकणाऱ्याला वाटतं, ‘मीटिंग’बद्दलही काही दुरुस्ती आहे की काय, पार्टी तर नव्हती?

दोन शब्दांच्या जोडीतही असाच खेळ असतो. ‘ˈइंग्लिश टीचर’ असा पहिल्या शब्दावर जोर दिला तर तो इंग्रजीचा शिक्षक. ‘इंग्लिश ˈटीचर’ असं म्हटलं तर तो इंग्रज शिक्षक, मग तो गणित का शिकवीना. मराठीत हा फरक ‘चा’ या प्रत्ययानं दाखवला. ‘ˈग्रीनहाउस’ म्हणजे रोपांचं हरितगृह, ‘ग्रीन ˈहाउस’ म्हणजे हिरव्या रंगाचं घर. साताऱ्याकडच्या किंवा नाशिककडच्या शेतकऱ्याला परदेशी खरेदीदाराशी बोलताना पहिलंच हवं असतं.

‘की’ आणि ‘किंवा’

उरला सूर. तो मराठी माणसाला किती येतो हे पाहायचं तर एकटा ‘हं’ पुरेसा आहे. ‘हं?’ म्हणजे काय म्हणालात, ‘हं.’ म्हणजे कळलं, आणि लांबवलेला ‘हंऽऽ’ म्हणजे बघू या, पण मनात शंका आहे. तीन अर्थ, अक्षर एकच. इंग्रजीत ‘सॉरी’ नेमका असाच वागतो. सूर खाली आला तर माफी, वर गेला तर ‘पुन्हा सांगता का?’ चुकून धक्का लागल्यावर वर जाणाऱ्या सुरात ‘सॉरी?’ म्हटलं तर समोरचा बुचकळ्यात पडेल.

रोजच्या वापराला चार चाली पुरतात.

पहिली, उतरता सूर. साधं विधान, आज्ञा, आणि ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’ यांनी सुरू होणारे प्रश्न. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ हा प्रश्न असला तरी शेवट सहसा खाली येतो. सगळा सूर ‘व्हेअर’वरच वर नेला तर अर्थ होतो, ‘कुठे म्हणालात?’

दुसरी, चढता सूर. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असतं असे प्रश्न, आणि आग्रह. विमानतळावरची ‘ग्रेव्ही?’ याच खणातली.

तिसरी, चढ आणि मग उतार, म्हणजे यादीची चाल. ‘टी’ म्हणताना सूर वर आणि ‘ऑर कॉफी’ म्हणताना खाली, असं विचारलं तर तो ‘चहा की कॉफी?’ असा प्रश्न झाला. दोन्हींतलं एक निवडा. पण ‘टी ऑर कॉफी’ हे सगळं एका दमात म्हणून शेवटी सूर वर नेला, तर तो ‘चहा किंवा कॉफी, काही घेणार का?’ असा होतो; ‘नको’ म्हणायची मुभा आहे. मराठीनं ‘की’ आणि ‘किंवा’ असे दोन वेगळे शब्द राखले आहेत. इंग्रजीकडे ‘ऑर’ एकच आहे, आणि बाकीचं काम सूर करतो.

चौथी चाल आपल्याला सगळ्यांत परकी, आणि कचेरीत सगळ्यांत उपयोगी. सूर खाली येऊन पुन्हा किंचित वर उचलला जातो. मराठीत तिचं भाषांतर ‘तसं’ असं करता येईल. ‘जेवण चांगलं होतं’ आणि ‘जेवण चांगलं होतं तसं…’ यांत जो फरक, तो इंग्रजीत या छोट्या उचलीत असतो. साहेब म्हणतात, ‘इट्स अ गुड रिपोर्ट’. ‘गुड’वर सूर पडतो आणि ‘रिपोर्ट’च्या शेवटी वळून वर येतो. इंग्रज सहकारी पुढच्या ‘पण’ची वाट पाहू लागतो. मराठी माणूस ‘थँक यू’ म्हणून निघून येतो. ही उचल ऐकू आली की थांबावं आणि विचारावं, यात काय बदल हवेत?

वाक्याच्या शेवटी लागणारा छोटा प्रश्नही सुरावरच चालतो. ‘यू आर फ्रॉम नागपूर, आरन्ट यू?’ यात शेवट उतरला तर ‘नागपूरचे ना तुम्ही!’ म्हणजे खात्री आहे, फक्त दुजोरा हवा. चढला तर ‘नागपूरचे का?’ म्हणजे खरंच माहीत नाही. आपण ‘यू आर कमिंग, नो?’ म्हणतो तो ‘नो’ आपल्या ‘ना’च्या जागेवरच बसलेला असतो. भारतात तो सगळ्यांना कळतो. बाहेर कधी कधी तो खराच नकार वाटतो.

एक सावधगिरी. सगळे इंग्रजी भाषक एका हेलात बोलत नाहीत. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला साध्या विधानाचा शेवटही वर जातो, आणि ऐकणाऱ्याला सतत प्रश्न विचारल्यासारखं वाटतं. तेव्हा वरच्या चार चाली ही सर्वसाधारण वहिवाट आहे, कायदा नव्हे.

आधी काय शिकावं

एवढं सगळं कशासाठी? इंग्रज होण्यासाठी नाही. भारतीय इंग्रजी ही आता आपल्या पायांवर उभी असलेली बोली आहे, आणि मराठी हेल पुसून टाकण्याची गरज कुणालाच नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली एक वेगळा हिशेब मांडला. जगात इंग्रजीतून होणारा पुष्कळसा संवाद ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशाच माणसांमध्ये होतो. पुण्याचा माणूस जपानी किंवा ब्राझिली माणसाशी बोलतो. तिथे समजायला नेमकं काय लागतं, याची त्यांनी यादी केली. वाक्यातला मुख्य जोर, म्हणजे आपला ‘च’, त्या यादीत आहे. विझलेले छोटे शब्द आणि सुराचे बारकावे त्यात नाहीत.

यावरून आणि बन्सल यांच्या अभ्यासावरून क्रम ठरवता येतो. आधी ‘च’ची जागा. मग आपल्या कामाच्या शब्दांवरचे आघात, विशेषतः आकडे आणि व्यवसायातल्या संज्ञा. विझलेले शब्द बोलायला नाही आले तरी चालतील, ऐकायला मात्र आले पाहिजेत. सुराच्या चालींपैकी ‘की-किंवा’ आणि ‘तसं’ या दोन ओळखता आल्या तरी बरेच गैरसमज टळतात. आणि विमानतळावरच्या त्या प्रसंगात शिकणं एकतर्फी नव्हतं. उतरता सूर म्हणजे उर्मटपणा नव्हे, हे तिथल्या इंग्रजांनाही कळावं लागलं.

रोज पंधरा मिनिटं

सरावाला महागडा वर्ग लागत नाही. फोन आणि शब्दकोश पुरतो.

पहिली पाच मिनिटं शब्दांची. आपल्या कामात रोज येणारे पाच शब्द निवडावेत, ऑनलाइन शब्दकोशात ˈ ही खूण पाहावी, उच्चार ऐकावा आणि वहीत देवनागरीत मात्रा झाडून लिहावा. बँकेत असणाऱ्यानं ‘डिपॉझिट’ आणि ‘सर्टिफिकेट’, परिचारिकेनं ‘इंजेक्शन’ आणि ‘इमर्जन्सी’ यांपासून सुरुवात करावी. आठवड्यात तीसेक शब्द पक्के होतात.

पुढची पाच मिनिटं ऐकण्याची. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा मोफत कार्यक्रम संहितेसह मिळतो. त्यातली दोन वाक्यं घ्यावीत. आधी संहितेत जोराचे शब्द अधोरेखित करावेत. मग शब्द न म्हणता ओठ मिटून फक्त चाल गुणगुणावी, गाण्याची चाल गुणगुणतो तशी. चाल बसली की त्यावर शब्द चढवावेत आणि निवेदकाच्या मागोमाग, त्याच्या आवाजाला चिकटून बोलावं.

शेवटची पाच मिनिटं स्वतःला ऐकण्याची. हा भाग बहुतेक जण टाळतात, कारण स्वतःचा आवाज ऐकवत नाही. तरी दोन वाक्यं फोनवर मुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ऐकावीत. ज्यांना डोळ्यांनी पाहून समजतं त्यांच्यासाठी प्रात नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते तयार केलं. त्यात आवाजाचा चढउतार रेषेच्या रूपानं दिसतो, आणि आपण ‘वर’ नेला असं वाटलेला सूर प्रत्यक्षात सपाटच राहिला होता हे लख्ख कळतं.

सुरुवात मात्र याहून साधी करता येईल. आज संध्याकाळी ‘टी ऑर कॉफी?’ हे तीन शब्द दहा वेळा फोनवर मुद्रित करावेत, पाच वेळा ‘की’च्या चालीत आणि पाच वेळा ‘किंवा’च्या, क्रम मिसळून. घरातल्या कुणाला तरी ते ऐकवावं आणि कुठलं काय हे ओळखायला सांगावं. दहापैकी आठ ओळखली गेली तर पुढच्या वाक्याकडे वळावं. नाहीतर पुन्हा दहा वेळा म्हणावं.